कातळावरची चित्रं आणि आपली मुलं

(मंडळाच्या बालचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेलं भाषण. कार्यकारिणीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



साडेआठला आरती आहे आणि त्याआधी आटपायचं, अशी प्रेमळ ताकीद सचिवांनी दिली आहे. तेव्हा सरळ विषयाला हात घालते.

या वर्षी आपला बाप्पा गुहेत बसला आहे. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर चुरगळलेला ब्राऊन पेपर आणि वरून चिकणमातीचा हात. ही झाली गुहा. तिच्या भिंतींवरची चित्रं आपल्या शिबिरातल्या चाळीसेक मुलांनी काढली आहेत. बरेच जण विचारत आहेत की हा भीमबेटकाचा देखावा आहे का? भोपाळात राहतो म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. पण मुलांना ही कल्पना सुचली ती दुसऱ्याच एका पुस्तकावरून. आपल्या एका सभासदाचा मुलगा सिडनीला नोकरीला आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल लोकांच्या गुहाचित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि मुलांच्या हाती दिलं. जुलैतल्या पहिल्या रविवारी ते पुस्तक शिबिरात आलं आणि मुलांनी ते अक्षरशः हिसकावून घेतलं. त्यातून हे सगळं उभं राहिलं.

त्या पुस्तकात असं काय होतं ते आधी सांगते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला काकाडू नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. १९८१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या उबिर आणि बुरुंगकुय या ठिकाणच्या कातळांवर मासे, कासवं, कांगारू आणि माणसं रंगवलेली आहेत. त्यातली गंमत अशी की बारामुंडी माशाचं चित्र असेल तर त्याचा पाठीचा कणा, काटे, पोटातले अवयव सगळं दाखवलेलं असतं. अभ्यासक याला क्ष-किरण शैली म्हणतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक माशाच्या पोटात काय आहे ते चितारत होते, कारण मासा रोज हाताने कापणाऱ्याला तो आतून माहीत असतो!

उबिरला कातळावर उंच एक पट्टेरी प्राणी आहे. त्याला थायलसिन म्हणत. तो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. म्हणजे ज्याने तो काढला त्याने तो पाहिलेला असणार. पश्चिमेकडच्या किंबर्ली भागात एक कांगारू आहे. त्याचं वय २०२१ साली जाहीर झालं, सुमारे १७,३०० वर्षं. हे काढलं कसं? चित्राच्या खाली आणि वर कुंभारमाश्यांनी मातीची घरटी केली होती. घरट्यांतल्या कोळशाच्या कणांचं वय मोजलं, आणि चित्र त्या दोन घरट्यांच्या मधल्या काळातलं ठरलं. हे सांगितल्यावर आमच्या सहावीतल्या एका मुलाने घरच्या खिडकीतलं कुंभारमाशीचं घर आईला झाडू दिलं नाही. ते अजून तसंच आहे म्हणतात.

पण मुलांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट समजावून दिली आणि ती आपल्यालाही सांगावीशी वाटते. ही चित्रं ‘प्राचीन काळातल्या’ लोकांची नाहीत. म्हणजे त्यांतली काही फार जुनी आहेत, पण ती काढणारा समाज आजही आहे आणि ती चित्रं त्याच्या रोजच्या जगण्यातली आहेत. बुरुंगकुयजवळच्या अनबंगबंग या कपारीतली प्रसिद्ध चित्रं नयोम्बोल्मी नावाच्या चित्रकाराने १९६३-६४ च्या सुमारास रंगवली. आपल्या मंडळातले ज्येष्ठ सभासद तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते! काकाडूतच नांगुलुवुर नावाच्या ठिकाणी कातळावर चक्क शिडाचं जहाज आहे. गोरे लोक आले, त्यांची जहाजं आली, तीही तिथल्या चित्रकारांनी टिपून ठेवली. १७८८ साली इंग्रजांनी तिथे वसाहत केली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्यामुळे ‘ॲबोरिजिनल चित्र’ असा एकच प्रकार नाही. काकाडूची पद्धत वेगळी, किंबर्लीची वेगळी, मधल्या वाळवंटाची आणखी वेगळी. ठिपक्याठिपक्यांचं जे चित्र आपण ऑस्ट्रेलियाचं म्हणून ओळखतो ते गुहेतलं नाहीच. कॅनव्हासवर ते आलं १९७० नंतर, मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातून. त्याची गोष्ट पुढे सांगते.

आता देखाव्याच्या वेळी काय झालं ते सांगते. त्या पुस्तकात वांजिना नावाच्या आकृत्या होत्या. पांढरा चेहरा, मोठे काळे डोळे, नाक आहे पण तोंड नाही, डोक्याभोवती प्रभावळ. किंबर्लीतल्या वरोरा, नगरिन्यिन आणि वुनंबल या लोकांसाठी ते पावसाचे, ढगांचे कर्ते आहेत. चेहरे असे की एकदा पाहिले की विसरत नाहीत. आपल्या सजावट समितीतल्या तरुण मंडळींना ते इतके आवडले की गुहेच्या मागच्या भिंतीवर, बाप्पाच्या डोक्यावर, आठ फुटी वांजिना काढायचा बेत ठरला. मी नको म्हटलं. वाद झाला, बराच झाला. एक जण म्हणाला, “मॅडम, कला सगळ्या जगाची असते. आणि आपण काय त्याचा अपमान करणार आहोत? उलट देवाच्या जागीच लावतोय.”

त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं होतं.

मी त्याला विचारलं, परदेशात कुणीतरी चपलेवर गणपतीचं चित्र छापलं अशी बातमी अधूनमधून येते, तेव्हा तुला काय वाटतं? तो म्हणाला, “राग येतो.” मी म्हटलं, छापणारा तरी कुठे अपमान करायला बसलेला असतो? त्याला सोंड आवडलेली असते, रंग आवडलेले असतात. त्याला एवढंच ठाऊक नसतं की हे नुसतं चित्र नाही.

वांजिनाही नुसतं चित्र नाही. ते कुणी काढायचं, कुणी पुन्हा रंगवायचं, याचे हक्क ठरलेले आहेत. सिडनीत २००० साली ऑलिम्पिक झालं, तेव्हा उद्घाटनाला एक प्रचंड वांजिना उभा राहिलेला काहींनी टीव्हीवर पाहिला असेल. तो वरोरा समाजातल्या डॉनी वूलागूजा या चित्रकाराच्या आराखड्यावरून केला होता. ज्याचं त्याने दिलं, म्हणून तो तिथे शोभला.

न विचारता घेतलं की काय होतं याचीही उदाहरणं आहेत. ऑस्ट्रेलियाने १९६६ साली दशमान चलन आणलं. एक डॉलरच्या नव्या नोटेवर झाडाच्या सालीवरच्या एका चित्राची नक्षी घेतली. ते चित्र डेव्हिड मालंगी या चित्रकाराचं होतं आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. गोष्ट उघडकीला आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी त्याला एक पदक, एक हजार डॉलर आणि मासेमारीचं साहित्य दिलं. पुढे १९९४ साली तिथल्या न्यायालयात गालिच्यांचा खटला गाजला. ॲबोरिजिनल चित्रकारांची चित्रं परवानगीवाचून उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून आणले होते. पूर्वजांच्या पवित्र कथा, आणि त्या लोकांच्या पायाखाली! न्यायालयाने १,८८,००० डॉलर भरपाई द्यायला लावली आणि चित्रकारांच्या समाजाला झालेली इजाही मोजली.

हे दूरच्या देशातलं झालं. आपल्या घरातलं पाहा. वारली चित्रं आपल्या पडद्यांवर असतात, पर्सवर असतात, चहाच्या कपांवर असतात. त्या कलेला जगापुढे नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पर्स घेणाऱ्या किती जणांना ते नाव ठाऊक असतं?

तर वांजिना काढायचा नाही असं ठरलं. समितीतली मुलं समजूतदार, त्यांनी ऐकलं. पण मग प्रश्न आला की काढायचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर मला दोन शाळांच्या गोष्टींत मिळालं. दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या, दोन्ही मुलांच्या चित्रांच्या. शिबिरात त्या सांगितल्या, तशाच इथे सांगते.

पहिली पापुन्याची. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथून वाळवंटात अडीचशे किलोमीटरच्या आसपास गेलं की पापुन्या येतं. सरकारने वेगवेगळ्या जमातींना एकत्र आणून वसवलेली ती वसाहत होती. १९७१ साली तिथे जेफ्री बार्डन नावाचे तरुण चित्रकला शिक्षक आले. वर्गात कागद दिले की मुलं काय काढायची? सिनेमातले काउबॉय! पण वर्गाबाहेर तीच मुलं वाळूत बोटांनी काही वेगळंच काढत बसायची. रेघा, वर्तुळं, पावलांच्या खुणा. बोलता बोलता काढायची, गोष्ट संपली की पुसून टाकायची. बार्डन यांनी एवढंच केलं की मुलांना सांगितलं, ते वाळूतलं इकडे काढा.

मग शाळेच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. मुलांचं पाहून मोठी माणसं पुढे आली, कारण गोष्टी मुळात त्यांच्या होत्या आणि त्या काढायचा अधिकारही त्यांचा. पापुन्या ही मधमुंगीची जागा. पोटात मध साठवणारी ती मुंगी, तिच्या पूर्वजांची वाट तिथून जाते. काआपा चांपिचिंपा या चित्रकाराने भिंतीवर आधी मुंगी काढली ती पुस्तकातल्यासारखी, सहा पाय, मिशा वगैरे. बार्डन यांनी विचारलं की ही मुंगी तुमची की गोऱ्यांच्या पुस्तकातली? काआपाने ती पुसली आणि आपल्या लोकांची जी खूण होती ती काढली. त्याच वर्षी ॲलिस स्प्रिंग्जच्या चित्रस्पर्धेत काआपाला पहिलं बक्षीस विभागून मिळालं. १९७२ साली पापुन्यातल्या चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली. ठिपक्यांची चित्रं जगभर गेली ती तिथून. शाळेच्या भिंतीवरचं ते मूळ चित्र मात्र पुढे रंग मारून झाकून टाकलं गेलं. आज त्याचे फक्त फोटो आहेत.

दुसरी गोष्ट कॅरोलपची. ही सांगताना माझा आवाज जरा जड होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात कटॅनिंग गावाजवळ ॲबोरिजिनल मुलांसाठी एक सरकारी वसाहत होती. तिथली नुंगार मुलं आईबापांपासून तोडून आणलेली होती. सरकारी धोरणच तसं होतं. अशा मुलांच्या पिढ्यांना आज ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. त्यांची माफी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. तर त्या कॅरोलपच्या शाळेत १९४६ साली नोएल व्हाइट नावाचे शिक्षक आले. ते मुलांना रानात फिरायला न्यायचे. परत आल्यावर मुलं पाहिलेलं काढायची. खडूने काढलेली संध्याकाळची झाडं, कांगारू, लांबवर जाणारी वाट. ज्या मुलांचं घर हिरावून घेतलं होतं त्यांनी घराची जमीन काढली, आणि अशी काढली की पाहणारा थक्क व्हावा.

१९४९ साली फ्लॉरेन्स रटर या इंग्लिश बाईंनी ती चित्रं पाहिली, युरोपात नेऊन प्रदर्शनं केली. वसाहतीतली शाळा लवकरच बंद पडली, मुलं पांगली. चित्रं एका अमेरिकन संग्राहकाकडे गेली, त्याने ती १९६६ साली तिथल्या कोलगेट विद्यापीठाला दिली आणि तिथल्या पेट्यांत ती पडून राहिली. २००४ साली हॉवर्ड मॉर्फी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाला ती दिसली. २०१३ साली शंभराहून अधिक चित्रं पर्थच्या कर्टिन विद्यापीठात परत आली. ज्या मातीची चित्रं, त्या मातीत. चित्रकारांपैकी बरेच तोवर हयात नव्हते.

या दोन गोष्टी ऐकल्यावर आमच्या वर्गात शांतता होती. मग आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅम, मग आमची जागा कुठली? आईबाबा म्हणतात आपलं गाव सातारा. मी तिथे उन्हाळ्यात आठ दिवस जाते. मी सातारा काढू की भोपाळ?”

मंडळी, हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. इथे बसलेल्या प्रत्येक घरात तो आहे. कुणी भेलच्या नोकरीसाठी आलं, कुणी रेल्वेच्या, कुणी बँकेच्या बदलीने. आपलं गाव विचारलं की आपण अजून सांगली, अकोला, रत्नागिरी असंच सांगतो. आपल्या मुलांनी काय सांगायचं? मी तिला म्हटलं, तू डोळे मिटून, कुणाला न विचारता, जिथल्या वाटा चालू शकतेस ती तुझी जागा. ती काढ. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, “दोन्ही थोडं थोडं येतंय.” मी म्हटलं, मग दोन्ही थोडं थोडं काढ.

डाव्या भिंतीवर तिचं चित्र आहे, जरूर पाहा. मोठा तलाव आहे आणि त्यातूनच अजिंक्यताऱ्याची वाट वर गेली आहे. नकाशाच्या दृष्टीने साफ चूक, पण तिच्या दृष्टीने अगदी बरोबर.

मग शिबिराचा नियमच तो झाला. त्यांचं चित्र उचलायचं नाही. त्यांची पाहण्याची रीत शिकायची आणि गोष्ट आपली सांगायची.

रंग आम्ही बाजारच्या बाटल्यांतले घेतले नाहीत. गेरू, पिवळी माती, चुना आणि कोळसा, एवढे चारच. त्यांत बाभळीचा डिंक. तिकडच्या कातळांवरही तांबडी-पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा हेच रंग आहेत. हाताच्या खुणा तुम्हाला सगळीकडे दिसतील. त्या ठशाच्या नाहीत, नीट पाहा. तिकडे क्वीन्सलँडमधल्या कार्नार्वन घळीत असे शेकडो हात आहेत. हात कातळावर ठेवायचा, तोंडात गेरूचं पाणी घेऊन त्यावर फुंकायचं आणि हात काढून घ्यायचा. रंग बाजूला राहतो, हाताची जागा मोकळी राहते. आम्ही तोंडाऐवजी जुना टूथब्रश आणि कंगवा वापरला, आयांनी घाबरू नये! एक मुलगा म्हणाला, “मॅम, ठसा म्हणजे मी इथे आहे, आणि हे म्हणजे मी इथे होतो.” इतकी वर्षं चित्रकला शिकवते आहे, पण हा फरक मला एवढ्या कमी शब्दांत कधी सांगता आला नसता.

क्ष-किरण चित्रांत तर मुलांनी धमाल केली आहे. उजव्या भिंतीवर कुकर आहे, आत तीन डबे, वरच्यात वरण. शेजारी एक आजी आहेत, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत स्टीलच्या वाट्या दाखवल्या आहेत. त्या आजी पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली होती बरं का! आणि कोपऱ्यात एक बंद सुटकेस आहे. आत एक बॅट, एक शाळेचं ओळखपत्र आणि एक कुत्रा. ज्या मुलाने ती काढली त्याच्या वडिलांची गणपतीनंतर बदली होते आहे. कुत्रा नेता येणार नाही, असं घरी ठरलं आहे. चित्रात मात्र तो त्याने नेला आहे.

पावलांच्या खुणा मुलांना शिकवाव्या लागल्या नाहीत. वाळवंटातल्या मुलांना माणसाचा, प्राण्याचा माग वाळूत वाचता येतो, असं सांगत होते तर एक चिमुरडी म्हणाली, “आमच्याकडे गौरी येतात तेव्हा आई काढते.” मग तिने मूठ रांगोळीत बुडवून उमटवली आणि वर पाच टिंबं दिली. झालं पाऊल. दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली की ती गौरीच्या येण्याची गोष्टच असते. ती तिची स्वतःची होती, कुणाकडून उचललेली नव्हती. गुहेच्या तोंडापासून बाप्पापर्यंत जी पावलं गेली आहेत ती तिची.

भीमबेटकाबद्दल दोन शब्द बोलले नाहीत तर भोपाळकर मला घरी जाऊ देणार नाहीत. १९५७ साली आगगाडीतून जाताना डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांना ते खडक दिसले, ते उतरून तिथे गेले आणि पुढे जगाला भीमबेटका कळलं. नीमचमध्ये जन्मलेला, उज्जैनला काम केलेला हा मराठी माणूस स्वतः चित्रकार होता. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली आणि काकाडूची चित्रं शेजारी ठेवली तर मुलांना गेरू सारखा वाटतो, शिकार सारखी वाटते. पण एक फरक मी त्यांना दाखवला. भीमबेटकाचे चित्रकार कोण, ते आज नावाने सांगता येत नाही, विचारायचं तर कुणाला विचारणार? ऑस्ट्रेलियात विचारायला माणसं आहेत. जिथे विचारता येतं तिथे विचारलं पाहिजे, आणि जिथे विचारायला कुणी उरलं नाही तिथे जास्तच जपलं पाहिजे.

म्हणून पालकांना तीन विनंत्या करते आणि थांबते.

पहिली, मुलांना भीमबेटकाला घेऊन जा. जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर आहे. पण चित्रांना हात लावू देऊ नका, आणि खडकावर कुणी नाव कोरताना दिसलं तर गप्प बसू नका.

दुसरी, मुलांनी काही ‘ॲबोरिजिनल’, ‘वारली’, ‘गोंड’ काढून आणलं तर छान म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा, हे मूळचं कुणाचं? नाव शोधायला लावा. नाव सापडलं की चित्राबद्दलचा आदर आपोआप येतो.

तिसरी जरा अवघड आहे. अनंत चतुर्दशीला बाप्पा जातील आणि दुसऱ्या दिवशी हा मांडव उतरेल. ब्राऊन पेपर फाटेल, माती गळून पडेल, ही चित्रं राहणार नाहीत. मुलांनी दोनदा विचारून झालं आहे की भिंत ठेवता येणार नाही का? मी त्यांना सांगितलं की वांजिना दर काही काळाने पुन्हा रंगवतात, नाहीतर पाऊस येणार नाही, असं ते लोक मानतात. जे पुन्हा पुन्हा करावं लागतं ते माणसं विसरत नाहीत. दरवर्षी नवी मूर्ती आणणाऱ्या आपल्या लोकांना हे जास्त समजवायला नको. तेव्हा फोटो जरूर काढा, पण पुढच्या वर्षी मुलांना पुन्हा भिंत द्या. जो मुलगा बदलीने दुसऱ्या गावी जातो आहे, त्याच्या आईवडिलांना एवढंच सांगते, तिथल्या मंडळात पहिल्याच वर्षी त्याचं नाव चित्रांसाठी नोंदवा. गेरू कुठेही मिळतो.

 आता मुलांना टाळा वाजवायची घाई झाली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!